हवामान इशारा रेडिओ : संच कसा लावावा, कसा ऐकावा

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांतील मुले-मुली नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत स्थायिक झाली आहेत आणि त्यांच्याकडे चार-सहा महिने जाऊन राहणाऱ्या आई-वडिलांची संख्याही बरीच आहे. मुलगा आणि सून सकाळी कामावर जातात, नातवंडे शाळेत जातात आणि दिवसभर घर सांभाळण्याची जबाबदारी ज्येष्ठांवर येते. अशा वेळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा झोपण्याच्या खोलीत ठेवलेली एक लहानशी पेटी एकाएकी कर्कश ओरडू लागते, तिच्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि पाठोपाठ एक यांत्रिक आवाज इंग्रजीतून काहीतरी सांगू लागतो. ही पेटी म्हणजे हवामान इशारा रेडिओ. ती कशासाठी आहे, ती कशी लावावी आणि ती बोलू लागल्यावर नेमके काय करावे, हे अमेरिकेतील आपल्या बांधवांना आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या पालकांना ठाऊक असावे, या हेतूने आम्ही ही माहिती देत आहोत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेची स्थानिक कार्यालये रात्रंदिवस एक स्वतंत्र रेडिओ प्रक्षेपण चालवितात. 'नोआ' या सरकारी संस्थेच्या नावावरून त्यास 'नोआ वेदर रेडिओ' असे म्हणतात. देशभर त्याची हजाराहून अधिक प्रक्षेपण केंद्रे आहेत. गाणी, बातम्या, जाहिराती यांपैकी तेथे काहीच नसते. केवळ हवामानाचा अंदाज, नद्यांची व किनाऱ्याची स्थिती आणि संकटाचे इशारे. रसायनगळतीसारख्या अन्य आपत्तींची सूचनाही याच मार्गाने दिली जाते. हे प्रक्षेपण १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ यांदरम्यानच्या सात वाहिन्यांवर होते. घरातील नेहमीचा एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकवितो, म्हणून त्यावर हे प्रक्षेपण लागत नाही. त्यासाठी वेगळा संच घ्यावा लागतो. एका केंद्राचा आवाज सपाट प्रदेशात साधारणतः पासष्ट किलोमीटरपर्यंत पोहोचतो. डोंगराळ भागात तो त्याहून कमी अंतरावर विरतो.

या संचाचे खरे वैशिष्ट्य असे, की तो गप्प राहूनही ऐकत असतो. घरातले सर्वजण झोपलेले असताना तो आतल्या आत आपल्या केंद्राकडे कान लावून बसलेला असतो आणि इशाऱ्याचा संकेत आला की स्वतःहून जागा होतो. दूरचित्रवाणी बंद असेल तर ती काही सांगू शकत नाही. हा संच मात्र बंद दिसत असतानाच कामावर असतो.

या व्यवस्थेमागे मोठी किंमत मोजलेली आहे. दिनांक ३ व ४ एप्रिल १९७४ रोजी चोवीस तासांच्या आत अमेरिकेतील तेरा राज्यांत १४८ टोर्नाडो झाले आणि तीनशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर १९७५ साली घराघरांत थेट इशारा पोहोचविणारी सरकारी रेडिओ व्यवस्था म्हणून या प्रक्षेपणास मान्यता मिळाली. पण जाळे सर्वत्र पोहोचावयास अवधी लागला. आम्हां ख्रिस्ती लोकांस जिचे विशेष दुःख वाटावे अशी एक घटना २७ मार्च १९९४ रोजी घडली. तो झावळ्यांचा रविवार होता. अलाबामा राज्यातील गोशेन येथील युनायटेड मेथॉडिस्ट चर्चमध्ये सकाळची उपासना चालू असताना टोर्नाडो थेट प्रार्थनामंदिरावर आला, छप्पर कोसळले आणि वीस जण मृत्युमुखी पडले. तेथील धर्मोपदेशिकेची चार वर्षांची कन्याही त्यांत होती. हवामान कार्यालयाने त्या भागासाठी इशारा सुमारे दहा मिनिटे आधी प्रसृत केला होता. उपासनेत मग्न असलेल्या त्या लोकांपर्यंत तो पोहोचला नाही, इतकेच. या दुर्घटनेनंतर तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या पुढाकाराने प्रक्षेपणाचे जाळे वाढविण्याचे काम वेगाने हाती घेण्यात आले.

पुढे ६ नोव्हेंबर २००५ रोजी पहाटे दोनच्या सुमारास इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिल परिसरात टोर्नाडो झाला. तेथील मोबाइल होमच्या एका वसाहतीतच वीस जण मरण पावले. बहुतेक झोपेत होते. पायाविना उभी केलेली ती हलकी घरे वाऱ्यापुढे टिकत नाहीत, त्यामुळे वेळेवर बाहेर पडणे हाच तेथे बचाव असतो. या प्रसंगानंतर २००७ साली इंडियानाने नव्याने बसविल्या जाणाऱ्या अशा घरांत हवामान रेडिओ असलाच पाहिजे, असा कायदा केला.

संच लावताना

बाजारात हा संच साधारणतः तीस ते साठ डॉलरांत मिळतो. घेताना त्यात 'सेम' ही सोय आहे की नाही, ते अवश्य पाहावे. ही सोय म्हणजे काय, ते जरा विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण निम्म्याहून अधिक घोटाळे येथेच होतात असे आमचे मत आहे.

अमेरिकेतील प्रत्येक राज्य काउंटी नावाच्या विभागांत वाटलेले आहे. आपल्याकडील तालुका किंवा जिल्हा यांच्याशी त्याची ढोबळ तुलना करता येईल. हवामान इशाऱ्यासोबत तो कोणत्या काउंटीसाठी आहे, त्याचा सहा अंकी संकेतांक प्रक्षेपित होतो. आपण आपल्या काउंटीचा अंक संचात भरून ठेवला की तो अंक आल्यावरच संच ओरडतो, एरव्ही शांत राहतो. हा अंक समजण्यास सोपा आहे. पहिला अंक शून्य, पुढील दोन राज्याचे आणि शेवटचे तीन काउंटीचे. उदाहरणार्थ, टेक्सास राज्याचा अंक ४८ आणि ह्यूस्टन शहराचा बहुतांश भाग ज्या हॅरिस काउंटीत येतो तिचा २०१. म्हणून संकेतांक ०४८२०१. न्यू जर्सीतील एडिसन येथे आपली बरीच मंडळी राहतात. ते मिडलसेक्स काउंटीत येते आणि तिचा अंक ०३४०२३ आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शहराचे नाव पुरेसे नाही, काउंटीचे नाव ठाऊक असले पाहिजे. शिकागोजवळील नेपरव्हिल हे एकच शहर दोन काउंट्यांत विभागलेले आहे, काही भाग ड्यूपेजमध्ये व काही विलमध्ये. तेथे राहणाऱ्याने ०१७०४३ आणि ०१७१९७ हे दोन्ही अंक भरावेत. त्याच्या पश्चिमेस असलेल्या केन काउंटीचा ०१७०८९ हा अंकही भरावा, असे आम्ही सुचवू. कारण त्या भागातील वादळे बहुधा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतात आणि शेजारच्या काउंटीतील इशारा हा आपल्यासाठी काही मिनिटांची आगाऊ सूचना ठरतो. ही चिंता काल्पनिक नाही. २० जून २०२१ रोजी रात्री अकराच्या सुमारास नेपरव्हिल व वुडरिज या वस्त्यांतून मोठा टोर्नाडो गेला होता. त्या वेळी दिवे मालवून झोपलेली घरे थोडी नव्हती.

अंक न भरता संच तसाच चालू ठेवला तर काय होते? त्या केंद्राच्या टप्प्यातील सर्व काउंट्यांचे सर्व इशारे तो ऐकवीत बसतो. शंभर किलोमीटर पलीकडे गारा पडल्या तरी आपल्या घरात मध्यरात्री भोंगा वाजतो. असे चार-पाच वेळा झाले की घरातील कोणीतरी कंटाळून संचाची पिन काढून टाकतो आणि 'लांडगा आला रे आला' या गोष्टीचा शेवट आपणां सर्वांस ठाऊक आहेच. ज्या संचांत सेमची सोय नसते, ते जुन्या पद्धतीचे संच असेच सरसकट ओरडतात. ते स्वस्त मिळतात, पण त्यांच्या वाटेस न गेलेले बरे.

अलीकडच्या अनेक संचांत अंक टिपावा लागत नाही. पडद्यावर राज्याचे व काउंटीचे नाव निवडले की अंक आपोआप भरला जातो. त्यानंतर वाहिनी निवडावी. सातही वाहिन्या एकामागून एक लावून ज्या वाहिनीवर आवाज सर्वांत स्वच्छ येतो ती घ्यावी, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. पण आवाज स्वच्छ आहे एवढ्यावर समाधान मानू नये. ते केंद्र आपल्या काउंटीचे इशारे प्रक्षेपित करते ना, याची हवामान सेवेच्या यादीवरून खातरजमा करावी. दोन केंद्रांच्या सीमेवरील घरांत शेजारच्या केंद्राचाच आवाज मोठा येतो, हे अशक्य नाही. आणि त्या केंद्रावरून आपल्या काउंटीचा अंक कधीच येत नसेल तर संच जन्मभर गप्प राहील.

संच खिडकीजवळ ठेवावा, तळघरात ठेवू नये. तेथे लहरी नीट पोहोचत नाहीत. मायक्रोवेव्ह, संगणक यांच्यापासून तो थोडा दूर असावा. एरियल पूर्ण उभी करावी. तरीही खरखर राहिल्यास पुष्कळ संचांना बाहेरची एरियल जोडण्यासाठी मागे जागा असते. संच विजेवर चालतो, परंतु आत सेलही घालावयाचे असतात, आणि नवीन संच घेणारे हेच नेमके विसरतात. वादळात पहिली जाते ती वीज. सेल नसतील तर ज्या क्षणी संचाची गरज आहे त्याच क्षणी तो मुका होईल. अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळे एक तास पुढे-मागे करतात. त्याच दिवशी हे सेल बदलण्याची अनेक घरांत पद्धत आहे, ती चांगली आहे.

ज्येष्ठांसाठी आणखी एक. रात्री कानातले श्रवणयंत्र काढून ठेवणाऱ्यास भोंगा ऐकू येईलच असे नाही. अशांसाठी संचाला लखलखणारा दिवा किंवा उशीखाली ठेवण्याची थरथरणारी चकती जोडता येते. ती सोय असलेला संच घ्यावा.

दोन शब्दांतील अंतर

भोंगा वाजल्यावर काय ऐकावे? आधी जुन्या फॅक्स यंत्रासारखा खरखराट तीन वेळा प्रक्षेपित होतो, तोच काउंटीचा संकेत. मग आठ-दहा सेकंद एकसुरी शिट्टी. आणि मग बोलणे. बोलणारा माणूस नसतो. संगणकाने तयार केलेला तो आवाज एका लयीत बोलत जातो आणि आपल्या कानांस तो प्रथम कळत नाही. घाबरू नये. सगळे वाक्य कळण्याची आवश्यकता नाही. तीन गोष्टी पकडाव्यात. पहिली, 'वॉच' की 'वॉर्निंग'. दुसरी, आपल्या काउंटीचे नाव. तिसरी, 'अनटिल' या शब्दानंतर सांगितली जाणारी वेळ. इशारा तोवर लागू असतो. हीच माहिती संचाच्या पडद्यावर अक्षरांतही दिसते आणि बहुतेक संचांवर वॉर्निंगसाठी लाल, वॉचसाठी नारिंगी आणि साध्या सूचनेसाठी पिवळा दिवा लागतो.

मराठीत आपण या दोहोंनाही 'इशारा' म्हणतो आणि म्हणूनच गफलत होते. 'टोर्नाडो वॉच' याचा अर्थ असा, की पुढील काही तासांत तसे वादळ होण्यास हवा अनुकूल आहे. अद्याप काही झालेले नाही. अशा वेळी घराबाहेर लांब जाऊ नये, फोन भरून ठेवावा, पादत्राणे व औषधे हाताशी ठेवावीत आणि संच चालू ठेवावा. 'टोर्नाडो वॉर्निंग' याचा अर्थ, वादळ रडारवर दिसले आहे किंवा कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे आणि ते आपल्या भागात आहे किंवा येत आहे. येथे विचार करण्यास वेळ नसतो. मुलाला फोन लावून 'काय करू?' असे विचारण्यात दोन मिनिटे घालवू नयेत. आधी सुरक्षित जागी जावे, फोन तेथून करावा.

ती जागा म्हणजे तळघर. तळघर नसल्यास तळमजल्यावरील आतली, खिडकी नसलेली लहान खोली, स्नानगृह किंवा कपड्यांचे कोठार. मजबूत मेजाखाली बसावे, डोके हातांनी, उशीने वा जाड पांघरुणाने झाकावे. मोबाइल होममध्ये असल्यास ते सोडून पक्क्या इमारतीत जावे. आपल्याकडे वारा सुटला की प्रथम अंगणात धाव घेऊन वाळत घातलेले कपडे काढण्याची आणि ओटीवर उभे राहून आभाळ पाहण्याची सवय आहे. ती सवय येथे घातक आहे. रात्री तर आभाळात काही दिसतही नाही.

'फ्लॅश फ्लड वॉर्निंग' असेल तर उलट करावयाचे. म्हणजे तळघरातून वर यावे, ओढा वा नदी जवळ असल्यास उंच जागी जावे आणि पाणी वाहत असलेल्या रस्त्यावर गाडी घालू नये. एक इशारा खाली नेतो, दुसरा वर. म्हणूनच दिव्याचा रंग पाहून थांबू नये, शब्दही वाचावेत. आम्ही तर असे सुचवितो, की संचाशेजारी भिंतीवर एका जाड कागदावर काउंटीचे नाव, हे तीन-चार इंग्रजी शब्द आणि त्यापुढे मराठीत काय करावे ते मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावे. पालक आल्यावर मुलांनी पहिल्या आठवड्यातच ते त्यांना समजावून द्यावे. विमानतळावरून आणल्यावर मॉल दाखविण्याआधी हे काम केले तर अधिक उत्तम.

बुधवारचा भोंगा

बहुतेक ठिकाणी दर बुधवारी सकाळी अकरा ते बारा यांच्या दरम्यान साप्ताहिक चाचणी होते. काही केंद्रे सायंकाळीही ती घेतात. पडद्यावर 'टेस्ट' हा शब्द येतो. काही संच त्या वेळी ओरडतात, काहींवर केवळ अक्षरे उमटतात. हवा खरोखरच वाईट असेल तर चाचणी पुढे ढकलली जाते, जेणेकरून खऱ्या इशाऱ्याशी तिची सरमिसळ होऊ नये. ही चाचणी त्रास वाटली तरी तीच संच जिवंत असल्याची खूण आहे. दोन बुधवार उलटूनही संचाने चाचणी नोंदविली नाही, तर वाहिनी, अंक किंवा एरियल यांपैकी काहीतरी चुकलेले आहे असे समजावे.

गारा, धुके, थंडी अशा किरकोळ सूचना नको असल्यास त्या एकेक करून बंद करण्याची सोय पुष्कळ संचांत आहे. ती जरूर वापरावी. टोर्नाडो आणि पूर या दोहोंच्या वॉर्निंगला मात्र हात लावू नये.

फोन असताना हे कशाला, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. २०१२ पासून अमेरिकेत मोबाइल फोनवरही आपत्तीचे इशारे मोठ्या आवाजात येतात आणि त्यांनी प्राणही वाचविले आहेत. पण फोन बंद असला, त्याचे चार्जिंग संपले, मनोरा पडला, डोंगरांत संकेतच नसला किंवा आधीच्या कटकटीमुळे ती सोय कोणी बंद करून ठेवली असली तर तो इशारा येत नाही. ४ जुलै २०२५ रोजी टेक्सासमधील कर काउंटीत ग्वाडालूप नदीला जो भीषण पूर आला, त्याचा फ्लॅश फ्लड इशारा हवामान कार्यालयाने मध्यरात्रीनंतर १ वाजून १४ मिनिटांनी दिला होता आणि ४ वाजून ३ मिनिटांनी तो सर्वोच्च पातळीवर नेला. लोक गाढ झोपेत होते, सुट्टीचा आदला दिवस नुकताच संपलेला, नदीकाठी शिबिरे भरलेली. कर काउंटीतच शंभराहून अधिक बळी गेले आणि कॅम्प मिस्टिक या मुलींच्या ख्रिस्ती शिबिरातील सत्तावीस मुली व मार्गदर्शिका त्यांत होत्या. इशारा निघणे आणि झोपलेल्या माणसाच्या कानी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मार्ग बंद पडला तर दुसरा असावा, याकरिता फोन आणि रेडिओ दोन्ही हवेत. एकाला दुसऱ्याचा पर्याय मानू नये.

मिस्साबलिदानाच्या वेळी आपण फोन मूक करतो आणि ते योग्यच आहे. पण तीनशे-चारशे भाविक एका छताखाली असताना बाहेर काय चालले आहे, हे कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे. अमेरिकेतील आपल्या बांधवांनी आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात किंवा सॅक्रिस्टीत असा संच आहे काय, त्यावर लक्ष कोण ठेवते आणि इशारा आल्यास लोकांनी कोठे जावयाचे हे ठरलेले आहे काय, याची चौकशी धर्मगुरूंकडे करण्यास हरकत नाही. संच कपाटात आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या सेवकाकडे, अशी अवस्था असू नये.

इकडे वसईत राहणाऱ्या नातलगांसाठीही दोन शब्द. दूरचित्रवाणीवर 'अमेरिकेत टोर्नाडो' अशी पट्टी सरकू लागली की घरोघरी काळजी सुरू होते. तो देश फार मोठा आहे. आपल्या मुलाची काउंटी कोणती, हे नाव फोनच्या डायरीत लिहून ठेवल्यास बातमीतील ठिकाण आपल्या माणसांपासून किती दूर आहे ते चटकन पाहता येते आणि ते लोक तळघरात बसलेले असताना त्यांचा फोन आपण अडवून ठेवीत नाही.

अमेरिकेहून परतताना असा संच भेट म्हणून आणण्याचा मोह काहींना होतो. तो येथे उपयोगाचा नाही, कारण त्या वाहिन्यांवर बोलणारी केंद्रे भारतात नाहीत. येथे हवामानाचे इशारे भारतीय हवामान विभाग देतो आणि ते आकाशवाणी व दूरदर्शनवरून, तसेच राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' या मोबाइल अ‍ॅपवरून मिळतात. मोबाइलवर एकाच वेळी भोंग्यासह संदेश पाठविण्याच्या चाचण्याही २०२३ साली आपल्यापैकी अनेकांनी आपल्या फोनवर अनुभवल्या आहेत. 'सचेत' अ‍ॅपमध्ये आपला जिल्हा निवडून ठेवता येतो आणि सूचना मराठीतही वाचता येतात. अ‍ॅप उतरवून घेतल्यावर फोनने विचारलेली स्थळाची व सूचनांची परवानगी द्यावी लागते, ती नाकारल्यास इशारा येत नाही.